बिनतारी जाळे आणि कष्टाची कमाई

सुरत शहरातील उधना हा यंत्रमागांचा परिसर. जळगावकडे जाणारा ताप्ती खोऱ्याचा रेल्वेमार्ग येथूनच सुरू होतो, आणि खानदेशातील अनेक कुटुंबे याच मार्गाने रोजगारासाठी येथे आली. गावी पैसे पाठविण्याचे पूर्वीचे साधन मनीऑर्डर. आज ते काम मोबाइलवरून होते. म्हणून मोबाइल ज्या बिनतारी जाळ्यास जोडला जातो, त्याची माहिती प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर सार्वजनिक वायफाय सेवा सुरू झाली व पुढे ती देशातील हजारो स्थानकांवर पोहोचली. वायफायमध्ये राउटर रेडिओलहरींद्वारे माहिती पाठवितो. या लहरी चहूकडे पसरत असल्याने आसपासच्या यंत्रासही त्या टिपता येतात. यास्तव माहिती सांकेतिक रूपात पाठवावी लागते. त्यासाठीची १९९७ मधील ‘वेप’ पद्धत २००१ मध्ये कमकुवत असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतर २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ व २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ या पद्धती आल्या. घरच्या राउटरवर या दोहोंपैकी एक पद्धत व लांब पासवर्ड असावा.

पासवर्ड न मागणाऱ्या जाळ्यात हे संरक्षण सहसा नसते. बँकेचे ॲप आपली माहिती स्वतः सांकेतिक करते, हे खरे. परंतु स्थानकाच्याच नावाचे बनावट जाळे उभारून, खोट्या पानावर पिन किंवा ओटीपी मागणे भामट्यास शक्य असते. म्हणून पैशाचा व्यवहार स्वतःच्या मोबाइल डेटावरच करावा. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे; विलंब न झाल्यास रक्कम मध्येच रोखता येण्याची शक्यता अधिक असते.