पैसे पतीचे, शरीर पत्नीचे : वजन घटविण्याचे पॅकेज घेण्यापूर्वी

व्यापारी माणूस माल घेताना सहसा फसत नाही. धान्याचे पोते आले तर मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो, कापडाचे ठाण आले तर उलगडून पाहतो. बिल मागतो, परतीची अट विचारतो. परंतु हाच माणूस पत्नीचे वजन कमी करण्याचे पॅकेज घ्यायला जातो तेव्हा रंगीत पत्रक, भिंतीवरचे दोन फोटो आणि "आजच भरले तर सवलत" एवढ्यावर पैसे मोजून येतो. बारामती आणि इंदापूर ही आता लहान गावे राहिलेली नाहीत. औद्योगिक वसाहत आली, महामार्गाची वर्दळ आली, आणि शहरातल्या आजारांबरोबर ते आजार बरे करून देण्याचा धंदाही आला. म्हणून व्यापार पानावर हा विषय घ्यावा असे आम्हाला वाटले.

प्रश्न किरकोळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के महिलांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. पुरुषांचे प्रमाणही त्याच्या जवळपास, २२.९ टक्के आहे. म्हणजे गल्ल्यावर बसणाऱ्यांनी फक्त घरातल्यांकडे बोट दाखवू नये.

आधी तपासणी, मग पॅकेज

आपल्याकडे वजनाचा काटा पुरेसा बोलत नाही, हे पुण्यातच सिद्ध झालेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे छापली. उंचीच्या प्रमाणात वजन, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचेही २२.३ होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी लपलेली असते, असा त्याचा अर्थ. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हावे आणि २५ च्या वर लठ्ठपणा समजावा, असे डॉक्टर सांगतात.

याहून सोपे माप शिंपीकाम करणाऱ्या प्रत्येक घरात आहे. टेपने पोटाचा घेर मोजा. महिलेचा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या वर असेल तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

पत्नीचे वजन थोड्या काळात वाढले असेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. पाळी अनियमित असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. स्टेरॉईडसारख्या काही औषधांनीही वजन वाढते. कारण थायरॉईडमध्ये असेल आणि आपण पट्टे बांधून घाम काढणाऱ्या यंत्रावर पैसे घालत असू, तर दोष यंत्राचा नाही, आपल्या खरेदीचा आहे.

बाजारात काय काय मिळते

या धंद्यातील माल साधारण पाच प्रकारचा आहे. पहिला, यंत्रे, मालिश आणि आहाराचा तक्ता देणारी केंद्रे. दुसरा, व्यायामशाळा. तिसरा, ओळखीच्या माणसामार्फत डब्यातून विकली जाणारी पावडर आणि सकाळचा शेक. चौथा, फोनवरून आहार सांगणारे सल्लागार. पाचवा आणि सर्वांत नवा, इंजेक्शने. 'माउंजारो' मार्च २०२५ मध्ये आणि 'वेगोवी' जून २०२५ मध्ये भारतात विक्रीस आले. त्यांनी वजन खरोखर कमी होते. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावयाची औषधे आहेत, गरोदरपणात चालत नाहीत, आणि महाग आहेत. शिवाय वेगोवीतील औषध बंद केलेल्यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग वर्षभरात परत आलेला दिसला. ज्याच्याकडे एक वर्षाचे पैसे आहेत, त्याने दुसऱ्या वर्षाचाही विचार करून मग हात घालावा.

महाराष्ट्रात एक मार्ग फुकटचाही आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेलेली दोन वेळा जेवणाची पद्धत बहुतेकांनी ऐकली असेल : दिवसात दोनदाच जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. ती प्रत्येकाला मानवेल असे आम्ही म्हणत नाही. गरोदर महिला आणि इन्सुलिन घेणारे यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. पण शेजारी फुकट मार्ग उपलब्ध असताना विकणारा आपल्या पैशाच्या बदल्यात अधिक काय देतो, हा प्रश्न विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

"महिन्यात दहा किलो" : हिशेब मांडून पाहा

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. दहा किलो म्हणजे ७७,०००. तीस दिवसांनी भागले तर रोज सुमारे २,५६६ कॅलरींची तूट हवी. आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या महिलेची दिवसाची संपूर्ण गरजच १,६६० कॅलरींची आहे. वजन जास्त असेल तर गरज थोडी वाढते. पण महिनाभर अन्नाचा कण घेतला नाही तरी दहा किलो चरबी जाणे जवळपास अशक्य आहे, हे कोणताही हिशेबी माणूस सांगेल. मग पहिल्या आठवड्यात काटा खाली जातो तो कसा? मुख्यतः पाण्याने. ते पाणी नंतर परत येते.

रोज पाचशे कॅलरी कमी गेल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन घटते. एवढा वेग सांगणारा दुकानदार खरे बोलतो असे समजावे. आणि फार घटण्याची गरजही नसते. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन घटविण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट होते. तेवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ऐंशी किलोच्या महिलेला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो.

व्यापारी कार्यक्रमांनी प्रत्यक्षात काय साधते, याचाही ताळेबंद झालेला आहे. २०१५ साली अमेरिकेतील संशोधकांनी ३२ मोठे कार्यक्रम तपासायला घेतले. त्यांपैकी फक्त ११ कार्यक्रमांची काटेकोर चाचणी झालेली होती. वर्षअखेर 'वेट वॉचर्स'च्या लोकांचे वजन इतरांपेक्षा २.६ टक्के जास्त घटले होते. सत्तर किलोच्या माणसाला हा फरक दोन किलोंचाही नाही. जगातल्या नामांकित कंपनीची ही कथा असेल, तर चौकातल्या केंद्राने दिलेली हमी किती ताणावी, ते आपणच ठरवावे.

पैशाचा व्यवहार

या धंद्यात पैसे आगाऊ घेतले जातात आणि माल नंतर मिळतो. म्हणून विकणारा टिकेल का, हे पाहणे आपल्या हिताचे असते. १९३२ पासून नाव कमावलेली मुंबईची 'तळवलकर्स' ही व्यायामशाळांची साखळी २०१९ मध्ये कर्जरोख्यांचे व्याज देऊ शकली नाही, आणि तिच्या शाखा बंद पडत गेल्या. १९६३ साली सुरू झालेल्या 'वेट वॉचर्स' कंपनीने मे २०२५ मध्ये दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागितले. जुने नाव म्हणजे आपल्या आगाऊ रकमेचा जामीन नव्हे. एक महिन्याचे पैसे द्यावेत, फार तर तीन महिन्यांचे. वर्षाच्या सवलतीला भुलू नये.

पॅकेज हप्त्यांवर देतात तेव्हा कागद वाचावा. पुष्कळदा ते केंद्राचे हप्ते नसून एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज असते. केंद्राला कुलूप लागले तरी कर्ज आपल्या नावावर उरते, आणि व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या घरात नकळत व्याजाचा व्यवहार शिरतो. बिल पक्के घ्यावे. व्यायामशाळा, सलून आणि योगवर्ग यांच्या सेवेवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलेला आहे. जुन्या दराने आकारणी होत असेल तर विचारावे.

पावडरीबरोबर "तुम्हीही एजंट व्हा" असा आग्रह होतो, तिथे दोन सौदे वेगळे करावेत. पत्नीचे आरोग्य हा एक सौदा, धंदा हा दुसरा. 'हर्बालाईफ' कंपनीला २०१६ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी समझोता करून २० कोटी डॉलर द्यावे लागले आणि विक्रीची पद्धत बदलावी लागली. आपल्याकडेही डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनी माणसे जोडण्यावर चालणाऱ्या पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक पाहावा. बिननावाची पुडी घरात आणूच नये. 'सिब्युट्रामाईन' हे वजनाचे औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झाले, आणि हर्बल म्हणून विकलेल्या गोळ्यांत ते अनेक देशांत सापडलेले आहे.

लठ्ठपणा औषधाने बरा करून देतो अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे. फसवणूक झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. मात्र बिल नसेल तर आयोगापुढे काय ठेवणार?

वापरणारीला विचारले का?

आता मुख्य गोष्ट. पैसे पती देतो, पण उपाशी राहणे, घाम गाळणे, सुई टोचून घेणे हे सारे पत्नीच्या वाट्याला येते. "तुझ्यासाठी पॅकेज घेऊन आलो" हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी ऐकणारीला "तू जाड झालीस" एवढेच ऐकू येण्याचा संभव असतो. मनाविरुद्ध भरलेली फी दुसऱ्या महिन्यात वाया जाते. म्हणून केंद्र तिनेच पाहावे, प्रश्न तिनेच विचारावेत, नकार देण्याचा हक्कही तिचाच असावा.

तिचे प्रश्न आपल्यापेक्षा वेगळे असतील. शिकविणारी महिला आहे का? महिलांची वेळ वेगळी आहे का? अंगभर कपड्यांत व्यायाम चालतो का? मोजमाप कोण घेते? आधीचा आणि नंतरचा फोटो काढला तर तो भिंतीवर किंवा फोनवर फिरणार नाही, हे लिहून देतात का? कॅप्सूलचे जिलेटिन कशाचे आहे? रमजानमध्ये तक्ता बदलून मिळतो का, की महिनाभराची फी बुडते? साखरेच्या गोळ्या चालू असतील तर रोजांपूर्वी त्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. केंद्रातल्या सल्लागाराने ती ठरवू नये.

निम्मे काम आपल्याच घरात

कोणतेही केंद्र पत्नीच्या दिवसाचा तासभर घेते. उरलेले तेवीस तास घराचे असतात. दुकान रात्री नऊ-दहाला बंद होते, मग दस्तरखान मांडला जातो. सर्वांना वाढून ती शेवटी बसते, आणि पातेल्यात उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून तेही तिच्याच ताटात जाते. हा क्रम बदलला नाही तर आहाराचा कोणताही तक्ता भिंतीवरच राहील. जेवण तास-दोन तास आधी आणावे, दुकानात डबा न्यावा, आणि ती आपल्याबरोबरच बसेल असे पाहावे. महिन्याचे तेल मोजून आणावे. बेकरीचा पाव, खारी आणि थंड बाटल्या घरात कमी आल्या की निम्मी लढाई जिंकली. आपल्या भागात उजनीचे पाणी आहे, भिगवणला मासळीचा बाजार आहे. रहू, कटला, चिलापी हे महागड्या पावडरीपेक्षा स्वस्त प्रथिन आहे, फक्त ते तळण्याऐवजी सालनात शिजवावे. तिला चालायला तास मिळावा म्हणून तेवढा वेळ मुले कोणी तरी सांभाळावीत. आणि पोटाचा टेप पतीनेही स्वतःला लावावा. दोघे मिळून बदलले तर बदल टिकण्याची शक्यता वाढते, आणि त्याला एक रुपयाही पडत नाही.

हे सर्व करून पॅकेज घ्यावेसे वाटले तर जरूर घ्यावे. चांगला सल्लागार आणि दर आठवड्याला विचारणा करणारे कोणी असेल तर पुष्कळांना उपयोग होतो. फक्त पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : "तुमच्याकडे एक वर्षापूर्वी आलेल्या किती जणींचे वजन आजही कमी आहे?" ज्याच्याकडे याचे लेखी उत्तर आहे त्याच्याशी व्यवहार करावा. ज्याच्याकडे फक्त फोटो आहेत, त्याला सलाम करून घरी यावे.