शंभरातले शहाण्णव ओळखीचे

२०२१ या एका वर्षात देशभरात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदवले गेले. त्यातल्या ३०,५७१ गुन्ह्यांत आरोपी तक्रार करणाऱ्या बाईच्या ओळखीचा होता. टक्केवारी ९६.५. हा हिशेब राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा आहे.

ओळख कशी होती तेही अहवालात फोड करून दिलं आहे. २,४२४ प्रकरणांत आरोपी घरातलाच माणूस. १५,१९६ प्रकरणांत कुटुंबाचा स्नेही, शेजारी, मालक किंवा असाच येण्याजाण्यातला कुणी. १२,९५१ प्रकरणांत मित्र, समाजमाध्यमावर ओळख झालेला, लग्नाचं वचन दिलेला किंवा विभक्त झालेला नवरा. ही बेरीज एकूण संख्येतून वजा केली की उरतात १,१०६ गुन्हे.

आता आपण पडद्यावर काय पाहत आलो ते आठवून पाहा. पावसाची रात्र, ओस रस्ता, दारू प्यायलेले अनोळखी गुंड, फाटलेली बाही, फुटलेल्या बांगड्या. सिनेमाने पिढ्यान्‌पिढ्या रंगवली ती या १,१०६ ची गोष्ट. ३०,५७१ बायकांची गोष्ट पडद्यावर क्वचितच आली.

उमरखेड तालुक्यातलं ढाणकी हे नगरपंचायतीचं गाव. इथे, आणि अशा प्रत्येक गावात, मुलगी बाहेर निघाली की आई म्हणते, "दिवस बुडायच्या आत घरी ये वं." त्या माउलीची काळजी खरीच आहे. पण धोका म्हणजे अंधार आणि अनोळखी माणूस, हे तिला पडद्याने शिकवलं. भरदुपारी चहाला येणाऱ्या ओळखीच्या माणसाबद्दल मुलीशी काय बोलायचं, हे कुणीच शिकवलं नाही.

८२ टक्के : मालिकेतलं घर

पोलिसांकडे आलेल्या तक्रारी हा हिशेबाचा एक भाग झाला. दुसरा भाग घरोघरी जाऊन विचारलेल्या प्रश्नांतून कळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या ६ टक्के स्त्रियांनी सांगितलं की, आयुष्यात कधी ना कधी त्यांच्यावर लैंगिक बळजबरी झाली. अशी बळजबरी सोसलेल्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी ८२ टक्के जणींनी बोट दाखवलं ते सध्याच्या नवऱ्याकडे. १४ टक्के जणींनी पूर्वीच्या नवऱ्याकडे.

यातली बहुतेक बळजबरी एनसीआरबीच्या ३१,६७७ मध्ये येऊच शकत नाही. पत्नी १८ वर्षांहून लहान नसेल, तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती कायद्याच्या व्याख्येत बलात्कार ठरत नाही. ही सूट जुन्या दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ती कायम आहे. २०१७ पर्यंत ही वयोमर्यादा तर १५ होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती १८ झाली.

रोज संध्याकाळी टीव्हीवर जे जग उलगडतं ते लग्नाचं आणि घराचं. मनाविरुद्ध झालेलं लग्न, आधी दरडावणारा आणि हळूहळू 'सुधारणारा' नवरा, सोसता सोसता प्रेमात पडणारी बायको. कथा पुढे सरकते, पण त्या खोलीत तिने होकार दिला होता का, हा प्रश्न विचारायला मालिका थांबत नाही. जिथे आकडा सगळ्यात मोठा, तिथेच मालिका गप्प.

मराठी रंगभूमीने मात्र १९७२ सालीच हे दार उघडलं होतं. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधली चंपा नवऱ्याचा छळ सोसून त्याला सोडून आलेली. सखारामच्या घरातल्या रात्री निभावण्यासाठी ती दारूचा आधार घेते. ती ना किंचाळत, ना पळून जात. सिनेमातल्या ठरीव पीडितेसारखी ती एकाही अंगाने दिसत नाही, म्हणूनच ती खरी वाटते. हे नाटक टिकवण्यासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

एक तृतीयांश : न दिसणाऱ्या जखमा

प्रौढ स्त्रीवर बळजबरी झाल्यावर अंगावर दिसणारी जखम सापडते ती सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत. हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतही नोंदवलं आहे. कारणं साधी आहेत. भीतीने अंग लुळं पडतं, धमकीपुढे प्रतिकार थांबतो, आणि बाई दवाखान्यात पोहोचेपर्यंत दिवस उलटलेले असतात.

पडद्यावर मात्र जखम हाच पुरावा. ही समजूत किती महागात पडते, ते आपल्या विदर्भाने पाहिलं आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर खुणा नाहीत, ओरडल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, म्हणजे विरोध नव्हता, असा तो तर्क. सिनेमात दिसते तशी बाई न्यायालयाला समोर दिसली नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसला नाही.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरावं असं ठरलं. पीडितेची ओळख छापायला बंदीही तेव्हाच आली.

१९८० : एका वर्षात दोन सिनेमे

देश १९७८ च्या त्या निकालाने ढवळून निघत असतानाच १९८० मध्ये दोन हिंदी सिनेमे आले. बी. आर. चोप्रांच्या 'इन्साफ का तराजू'मध्ये न्यायालय बाईवर विश्वास ठेवत नाही, ही तक्रार ठामपणे मांडली होती. आरोपी ओळखीचा होता, हेही खरं. पण तक्रारीच्या आधी कॅमेरा अत्याचार लांबलचक दाखवतो, तोही प्रेक्षकाच्या नजरेला खिळवून ठेवत. शेवटी न्याय मिळतो तो नायिकेच्या बंदुकीतून.

दुसरा सिनेमा गोविंद निहलानींचा 'आक्रोश', पटकथा तेंडुलकरांची. आदिवासी लहान्या भिकूवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे आणि तो वकिलासमोरही तोंड उघडत नाही. तिच्यावर अत्याचार करणारे गावातले वजनदार लोक, रोज दिसणारे. बोलून उपयोग नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. बापाच्या चितेजवळ तो कुऱ्हाडीने स्वतःच्या बहिणीलाच मारतो, कारण तिच्याही वाट्याला तेच येणार हे त्याला दिसतं. या शेवटात दिलासा नाही. पण अत्याचारामागे जात, पैसा आणि सत्ता कशी उभी असते, हे त्या काही मिनिटांत कळतं.

अशा दृश्यांसाठी नियम आहेच. ६ डिसेंबर १९९१ च्या प्रमाणन मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्त्रियांवरील लैंगिक हिंसेची दृश्यं टाळावीत, कथेला ती आवश्यकच असतील तर कमीत कमी ठेवावीत आणि तपशील दाखवू नये. किती सेकंद दाखवलं, हे नियमाने मोजता येतं. कुणाच्या नजरेने दाखवलं, हे मात्र प्रेक्षकालाच ओळखावं लागतं.

नऊ सिनेमे : नायकाची जबरदस्ती

श्रीविद्या रामसुब्रमणियन आणि मेरी बेथ ऑलिव्हर या अभ्यासकांनी १९९७ ते १९९९ मधले नऊ लोकप्रिय हिंदी सिनेमे दृश्यागणिक तपासले. २००३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र हिंसा गुन्हा म्हणून दाखवली होती आणि ती खलनायकाच्या वाट्याला होती. पण वाट अडवणं, हात धरणं, छेड काढणं ही 'सौम्य' जबरदस्ती नायक करत होता, आणि ती गंमत किंवा प्रेमाची रीत म्हणून सादर होत होती.

एसटी स्टँडवर हे रोज दिसतं. कॉलेजला निघालेली मुलगी बसची वाट पाहत उभी, आणि समोर मोटरसायकल टेकवून एक पोरगा सलग पंधरा दिवस तिच्याकडे बघत बसलेला. त्याच्या मित्रांना तो आशिक वाटतो. बाईची इच्छा नसताना तिच्या मागे लागून पुन्हापुन्हा संपर्क करू पाहणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. तिचा नकार ऐकू न येणारा नायक आपण टाळ्या वाजवून मोठा केला, आणि तोच आता स्टँडवर उभा आहे.

९६ तास : पडद्याने पुसलेला पुरावा

एक दृश्य आपण कितीदा पाहिलं असेल. घरी आलेली बाई अंगावर पाणी ओतत राहते, स्वतःला घासून काढते. तिचं दुःख खरं आहे. पण पुढे काय करायचं, हे तो सिनेमा कधी सांगत नाही.

आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांप्रमाणे शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत, म्हणजे चार दिवस, घेता येतात. आंघोळ झाली असली तरी जावं. त्या वेळचे कपडे धुवू नयेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. वाळलेले कागदात गुंडाळून न्यावेत. आधी पोलिसांत जाण्याची अट नाही. सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाला मोफत उपचार द्यावेच लागतात, आणि नाकारणं हा गुन्हा आहे. अपमानास्पद दोन बोटांची चाचणी बंद आहे. ती बंद व्हावी म्हणून सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी केलेलं काम मोलाचं ठरलं.

ढाणकीहून जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर. म्हणूनच जवळच्या सरकारी दवाखान्यापासून सुरुवात करता येते, गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि १८१ या महिला मदतवाहिनीवर फोन लावता येतो, हे माहीत असणं इथे जास्त मोलाचं. अत्याचार सोसलेल्यांना मदत देणारी महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे. तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. एखाद्या मालिकेने एका भागात एवढं दाखवलं, तरी ते घराघरांत पोहोचेल.

७७ आणि २७.४ : न बोललेलं आणि न मिळालेलं

त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागितली ती १४ टक्के जणींनी. जे खटले निकालापर्यंत पोहोचले, त्यांत २०२२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यांचं दोषसिद्धीचं प्रमाण होतं २७.४ टक्के. सूड घेऊन पूर्ण होणारा सिनेमातला न्याय आणि हे आकडे यांच्या मधली सगळी वर्षं, तारखा आणि फेऱ्या पडद्याबाहेरच राहतात.

बोलण्याने काय होतं, तेही आकड्यांतच आहे. २०१२ मध्ये नोंदवलेले गुन्हे २४,९२३. २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात ३५ टक्के वाढ. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कायद्याची व्याख्या रुंदावली आणि अधिक बायका ठाण्याची पायरी चढल्या. हा वाढलेला आकडा वाचताना भीतीबरोबर त्यांची हिंमतही मोजायला हवी.

आपल्याच वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' छापली. प्रती अवघ्या ५००. तेव्हाच्या कादंबऱ्या आणि नाटकं बायकांना कशी रंगवतात, याचा जाब त्यांनी त्या पुस्तकात लेखकांना विचारला. तो जाब पडद्याला विचारायचं काम आता आपलं. आणि ढाणकीच्या आईच्या त्या वाक्याला आणखी एक वाक्य जोडायचं: "कोणीही असो, घरातला असला तरी, मले सांग. मी तुह्यावर विश्वास ठेवीन."