मित्राचा अनुभव ऐका, पण निर्णय स्वतः घ्या

परीक्षेचा ताण, घरापासून दूर होस्टेलमधलं एकटेपण, ब्रेकअप किंवा नोकरीची काळजी. कारण काहीही असो, 'समुपदेशकाशी बोल' असं आईबाबांनी सुचवलं की मुलं पटकन म्हणतात, 'मी काय वेडा आहे का?' पण तीच गोष्ट कॉलेजमधला सीनियर म्हणाला, 'मीही मागच्या वर्षी ऑनलाइन सेशन घेतलं होतं,' तर मुलं कान देऊन ऐकतात.

असं का होतं?

जाहिरात फक्त सेवेची माहिती देते. अनुभव सांगणारा मात्र मनातल्या प्रश्नांची उत्तरं देतो. पहिल्या कॉलवर काय विचारतात? रडू आलं तर? पैसे किती लागतात? घरी कळेल का? 2015 मध्ये दीपिका पदुकोण आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलली, तेव्हा या विषयावरचा संकोच थोडा कमी झाला. तरीही 'ती स्टार आहे, तिला परवडतं' असं मुलांना वाटू शकतं. आपल्यासारख्याच मुलाचा अनुभव जास्त जवळचा वाटतो.

इथे सावध राहा

अनुभव खरा असला तरी तो एकाचाच असतो. मैत्रिणीला चार सेशनमध्ये बरं वाटलं, म्हणून तुम्हालाही तेवढ्यातच वाटेल असं नाही. काहींना औषधांचीही गरज असते. तसंच एखाद्याचं समुपदेशकाशी जमलं नाही, म्हणून सेवाच वाईट ठरत नाही. ॲपवर झळकणारे अनुभव तर कंपनीनेच निवडलेले असू शकतात. '7 दिवसांत डिप्रेशन गायब' असा दावा दिसला, तर त्यापासून दूरच राहा.

हे आधी तपासा

* समुपदेशकाचं शिक्षण काय आहे? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का?
* तुमची माहिती गुप्त राहील का?
* फी आणि पैसे परत मिळण्याचे नियम काय आहेत?

खर्चाची चिंता असेल, तर केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा आहे. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेल्या या सेवेचा क्रमांक 14416 आहे. ती मोफत आणि 24 तास उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येतं.

मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर मात्र इतरांचे अनुभव वाचत बसू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि लगेच फोन करा.