शस्त्रक्रियेनंतरचे थबकलेले वजन

बेरिएट्रिक, म्हणजे स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतर वजन उतरण्याचा वेग काही महिन्यांनी मंदावतो आणि साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या सुमारास वजन जवळपास स्थिरावते, हे या उपचारात ठरलेलेच असते. तरीही रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना ते बहुधा अपयश वाटते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या बोलण्यात सगळा भर किती किलो उतरतील यावर असतो. ते कोणत्या गतीने उतरतील, कुठे थांबतील आणि थांबल्यावर शरीरात काय चाललेले असेल, याची कल्पना क्वचितच पुरेशी दिली जाते. मग वजनकाटा महिनाभर जागचा हलला नाही की रुग्ण आधीच बेताचा असलेला आहार आणखी तोडतो, घरातली माणसे ‘चोरून काहीतरी खात असणार’ असा संशय घेऊ लागतात, आणि आहारतज्ज्ञ व डॉक्टरांची खरी गरज ज्या टप्प्यावर असते, नेमक्या त्याच टप्प्यावर संकोचापोटी त्यांच्याकडे जाणे बंद होते.

आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या दोन शस्त्रक्रियांपैकी ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकून उरलेल्या भागाची अरुंद नळी ठेवली जाते, तर ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी एक लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते, त्यामुळे उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून अन्न पुढे सरकते. जागा कमी झाल्यामुळे खाणे कमी होते, हा यातला निम्माच भाग आहे. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक, ज्याचा शोध 1999 मध्ये जपानमधील मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी लावला, मुख्यत्वे जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. शिवाय अन्न लवकर खालच्या आतड्यात पोहोचू लागल्याने तृप्तीचा निरोप मेंदूला देणारी जीएलपी-1 सारखी संप्रेरके जेवणानंतर पूर्वीपेक्षा जास्त स्रवतात.

पहिला थांबा फार लवकर, बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो आणि त्याचा चरबीशी फारसा संबंध नसतो. यकृत आणि स्नायू यांच्यात ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा काही शे ग्रॅमचा साठा असतो आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पातळ आहारात हा साठा रिकामा होतो, त्याच्याबरोबर पाणी जाते आणि काटा झरझर खाली येतो. पुढे मऊ अन्न सुरू झाले की साठा व त्याबरोबरचे पाणी अंशतः परत येते, त्यामुळे चरबी उतरत असूनही काट्यावरचा आकडा आठ-पंधरा दिवस तोच दिसतो. पाळीच्या आधीचे दिवस, खारट खाणे, बद्धकोष्ठता किंवा नव्याने सुरू केलेला व्यायाम यांमुळेही असेच होऊ शकते, म्हणून रोज सकाळी काट्यावर उभे राहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, एकाच वारी, एकाच वेळी वजन करणे शहाणपणाचे असते.

वर्ष-दीड वर्षांनंतरचा थांबा मात्र वेगळ्या जातीचा असतो. एखाद्या स्त्रीची उंची 160 सेंटिमीटर आणि वजन 110 किलो असेल, तर तिच्या शरीराला नुसते बसून राहण्यासाठी, जिना चढण्यासाठी, भाजी आणायला जाण्यासाठी जितकी ऊर्जा लागत होती, तितकी ती 75 किलोंची झाल्यावर लागत नाही, कारण वाहून न्यायचे शरीरच लहान झालेले असते. सुरुवातीला खाण्यातली आणि खर्चातली जी मोठी तफावत वजन उतरवत होती, ती खर्च घटत गेल्याने आणि खाणे हळूहळू वाढत गेल्याने एका बिंदूपाशी मिटते. यात कोणाचा आळस किंवा लबाडी शोधण्याचे कारण नाही.

या साध्या गणिताच्या पलीकडे शरीर स्वतःहूनही काटकसर करते, आणि त्याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांश उतरले, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते तीही जवळपास 40 टक्क्यांनी घटली, म्हणजे वजनाच्या प्रमाणात घटायला हवी होती त्यापेक्षा कितीतरी अधिक. वजन उतरवण्याच्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील चौदा स्पर्धकांचा केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास असे दाखवतो की, कठोर आहार व व्यायाम यांनी वजन घटवल्यानंतर सहा वर्षांनी, बहुतांश वजन परत आलेले असतानाही, त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होते. चरबीच्या पेशींतून स्रवणारे आणि 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने शोधलेले लेप्टिन हे संप्रेरक चरबी घटली की कमी होते, आणि मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावून भूक वाढवतो व खर्च आवरतो. शस्त्रक्रियेचे मोल इथेच कळते, कारण संप्रेरकांच्या बदलामुळे ही भूक बरीचशी शमलेली राहते आणि शरीर पूर्वीपेक्षा पुष्कळ खालच्या वजनावर स्थिर व्हायला राजी होते; मात्र ते स्थिर होते, अखंड उतरत राहत नाही.

ते कुठे स्थिर होते, याचे सर्वांत भरवशाचे उत्तर स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या आणि चार हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींना सामावून घेतलेल्या दीर्घ अभ्यासातून मिळते. त्यात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या सरासरी 32 टक्क्यांपर्यंत उतरले, आणि दहा वर्षांनी ही घट 25 टक्क्यांवर टिकून होती. वर घेतलेल्या उदाहरणातील स्त्रीला हे प्रमाण लावले तर ती दोन वर्षांत 75 किलोंच्या आसपास येईल आणि दहाव्या वर्षी 82 किलोंच्या जवळ असेल. म्हणजे सात-आठ किलो परत येणे हे सरासरीतच बसते. तिच्या उंचीला 82 किलो वजन म्हणजे बीएमआय, अर्थात किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक, 32 च्या घरात, आणि भिंतीवरचा तक्ता तिला तेव्हाही स्थूलच ठरवेल. तरीही 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच अभ्यासाच्या निष्कर्षांनुसार, सरासरी जवळपास अकरा वर्षांच्या काळात, वय व इतर जोखमींचा हिशेब केल्यानंतर, शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा सुमारे 29 टक्क्यांनी कमी होते. तक्त्यातील ‘आदर्श’ वजन गाठले नाही म्हणून हिरमुसलेल्या माणसाला हा आकडा कोणीतरी आवर्जून सांगायला हवा.

भारतीय शरीराबाबत तर वजनकाट्यावर सगळा विश्वास टाकणे अधिकच धोक्याचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापे मांडली होती: दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. आकडा एकच असला तरी त्यामागचे स्नायू आणि मेद यांचे प्रमाण इतके वेगळे असू शकते. मुळातच स्नायू कमी असलेल्या माणसाने थबकलेला काटा हलवण्यासाठी उपाशी राहणे म्हणजे आहे ते स्नायूही गमावणे, आणि स्नायू गेले की विश्रांतीतील ऊर्जाखर्च आणखी घटतो. म्हणून या टप्प्यावर कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर आणि शक्य असल्यास शरीरातील चरबीचे प्रमाण यांची नोंद वजनाच्या शेजारी ठेवावी, आणि चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत, मग ते व्यायामशाळेतले असोत किंवा घरी खुर्चीवरून उठ-बस करण्याचे.

आहाराचा प्रश्न मराठी घरात प्रथिनांपाशी येऊन अडतो. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने घ्यावीत असा सर्वसाधारण सल्ला असतो, आणि वाटीभर पातळ वरणातून त्यातली जेमतेम चार-पाच ग्रॅम मिळतात. एका अंड्यात सुमारे सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, तर कोरड्या सोयाबीन वड्यांच्या वजनाच्या जवळपास निम्मी प्रथिनेच असतात. ताटात आधी घट्ट वरण, उसळ, अंडे, मासा किंवा पनीर संपवावे, मग भाजी आणि जागा उरली तरच भात-पोळी, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र यांत हा क्रम पूर्ण कोलमडतो, कारण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. लहान जठराच्या माणसाने त्याच्या खिचडीने पोट भरले की प्रथिनांसाठी जागाच उरत नाही. उपास सोडायला सांगण्याची गरज नाही; दही, दूध, पनीर, राजगिरा आणि मोजके शेंगदाणे यांच्या आधाराने तो करता येतो.

दुसरी अडचण तोंडात विरघळून सहज खाली उतरणाऱ्या पदार्थांची. उसळ किंवा चिकनचे चार घास अरुंद जठरात रेंगाळतात आणि पोट भरल्याची जाणीव देतात. चहात बुडवलेली खारी, बिस्किटे, शेव, शिरा किंवा आइस्क्रीम मात्र रेंगाळत नाहीत, त्यामुळे दुपारी चारच्या चहाबरोबर अर्धा पुडा कधी संपला हे कळतही नाही. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला तर नुसत्या साखरेच्याच सव्वाशे ते दीडशे कॅलरी होतात, आणि ज्याचा एकूण आहार हजार-बाराशे कॅलरींचा आहे त्याच्यासाठी हा वाटा थोडा नाही. जेवताना पाणी पिण्यानेही घन अन्न लवकर पुढे सरकते, म्हणून जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवायला सांगितले जाते.

एवढे सगळे नीट असूनही वजन उतरलेच नाही किंवा वेगाने परत येऊ लागले, तर कारण वैद्यकीय असू शकते. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड्स आणि मानसिक आजारांवरील काही औषधे वजन वाढवतात, थायरॉइडची ग्रंथी मंदावलेली असू शकते, आणि क्वचित जठराची पिशवी किंवा तिचा आतड्याशी असलेला सांधा ताणला गेलेला असतो, जो दुर्बिणीच्या तपासणीत दिसतो. पूर्वी अशा वेळी दुसऱ्या शस्त्रक्रियेचाच विचार होई. आता औषधांचा पर्याय आहे: शस्त्रक्रियेचा पुरेसा उपयोग न झालेल्या रुग्णांवर लंडनमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लिराग्लुटाइड या इंजेक्शनाने चोवीस आठवड्यांत वजन सरासरी जवळपास नऊ टक्क्यांनी उतरले, आणि त्याच जातीतील सेमाग्लुटाइड व तिच्याशी जवळची असलेली टिर्झेपटाइड ही वजनासाठीची औषधे 2025 पासून भारतातही उपलब्ध झाली आहेत. ती महाग आहेत, बंद केली की वजन परत येण्याकडे कल असतो, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नयेत. पण त्यांची गरज पडणे हा कोणाच्या निर्धाराचा पराभव मानू नये.

तपासण्या टाळण्याची किंमत वजनाहून मोठी असते. बी-12 जीवनसत्त्वाचा यकृतातील साठा पुष्कळ काळ पुरतो, त्यामुळे त्याची कमतरता बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, म्हणजे काटा थांबल्यावर आणि रुग्णाने येणे सोडल्यावर डोके वर काढते: तळपायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा. लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचीही हीच गत, आणि सतत उलट्या होत असताना थायमिन म्हणजे बी-1 वेळेवर दिले नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. वजन वाढले म्हणून दाराशी घुटमळणाऱ्या रुग्णाला आधी खुर्चीवर बसवून पायांच्या मुंग्या, उलट्या, चालू गोळ्या आणि कालचे जेवण यांविषयी विचारावे. काट्यावर त्यानंतर उभे करता येते.