दारू थांबते, त्यानंतरचं काम

दारू सोडायची म्हणजे काय करायचं, असं विचारलं तर बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं: मनाचा निश्चय. मग देवापुढे हात जोडून झालेलं असतं, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झालेली असते, ‘येत्या गुरुवारपासून बंद’ हेही अनेकदा झालेलं असतं. माळ घातल्यावर पुन्हा कधी ग्लासाला हात न लावलेली माणसं आपल्याकडे आहेत, ते खोटं नाही. पण सकाळी चहाचा कप धरताना ज्याचा हात लटपटतो, त्याला नुसत्या शपथेच्या भरवशावर सोडणं अन्यायाचं आहे आणि कधीकधी जिवावर बेतणारंही. व्यसन शरीरात असतं, मनात असतं, घरातल्या माणसांच्या वागण्यात असतं आणि संध्याकाळी सात वाजता काय करायचं या प्रश्नातही असतं. या सगळ्या ठिकाणी काम करावं लागतं आणि त्याचा एक क्रम आहे.

सुरुवात शरीरापासून. दारू मेंदूला गुंगी आणते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीवर मात करण्यासाठी स्वतःला सतत जास्त चेतवलेला ठेवायला शिकतो. दारू एकदम बंद केली की गुंगी जाते आणि नुसतं चेतवलेपण मागे राहतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भास होतात. भिंतीवर किडे चालताना दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, माणूस रात्री उठून पळू पाहतो. घरचे म्हणतात, वेड लागलं किंवा बाहेरचं काहीतरी झालं. प्रत्यक्षात ही वैद्यकीय आणीबाणी असते आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून ‘आता बघतोच कसा पितोस’ म्हणणं फार धोक्याचं आहे.

वॉर्डात डॉक्टर काय करतात ते पाहण्यासारखं आहे. रुग्णाला दोन्ही हात समोर ताठ धरून बोटं फाकवायला सांगतात. बोटांचा कंप, तळव्याचा घाम, नाडी, बोलण्यातली अस्वस्थता यावरून गोळ्यांचं प्रमाण ठरतं. या गोळ्या क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम अशा असतात. त्या साधारण आठवडाभरात कमी करत करत बंद करतात. सोबत थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. पिणाऱ्याच्या पोटात धड जेवण जात नाही, गेलं तरी हे जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. अशा माणसाला थायामिन न देता ग्लुकोजचं सलाइन लावलं तर डोळ्यांच्या हालचाली, चालण्याचा तोल आणि स्मरणशक्ती यांवर कायमचा घाला पडू शकतो. अशक्तपणासाठी ‘एक बाटली लावून द्या’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी, ‘हा रोज पितो’ हे डॉक्टरांना आधी सांगावं.

आठवड्याभरात चेहऱ्यावर तजेला येतो, भूक लागते. घरचे म्हणतात, सुधारला, चला घरी. सगळ्यात जास्त घात इथे होतो. शरीरातली दारू गेली, बाकी सगळं जिथल्या तिथे आहे.

पुढचं काम मनाचं, आणि ते हळू चालतं. मेंदूने वर्षानुवर्षं एक धडा गिरवलेला असतो: ताण आला, पगार झाला, तो कोपरा दिसला, त्या मित्राचा फोन आला की दारू. हा धडा पुसला जात नाही. त्याच्या शेजारी दुसरा गिरवावा लागतो. समुपदेशक रुग्णाला मागच्या वेळी पुन्हा प्यायला त्या दिवसापासून उलटं लिहायला लावतात. तेव्हा दिसतं की घसरण ग्लास हातात येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. आधी आधारगटाची मीटिंग चुकली. मग छोटं छोटं खोटं सुरू झालं. ‘इतके दिवस प्यायलो नाही, तरी माझ्यावर विश्वास नाही’ हा राग साठला. मग ‘नुसता बसायला जातो, घेणार नाही’. तलफ उठते, वाढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते, हे स्वतः अनुभवलं की माणसाला धीर येतो. तेवढा वेळ काढायचा. काहीतरी खायचं, जागा सोडायची, कुणाला तरी फोन लावायचा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा जपायच्या. व्यसनाखाली नैराश्य किंवा भीतीचा आजार दडलेला असेल, तर त्यावर वेगळे उपचार घ्यायलाच हवेत.

तलफ कमी करणारी औषधंही आहेत. नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही त्यांतली प्रमुख. डायसल्फिरॅम वेगळ्या जातीचं आहे. ते घेतलेलं असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचं असतं. ‘न सांगता जेवणातून द्या, दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून भाजीत पावडर मिसळणाऱ्या बायका अगतिक असतात, त्यांना दोष नाही. पण त्या पावडरीत काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्याने माणूस मरू शकतो.

हे सगळं एका छपराखाली कसं आणता येतं, हे पुण्यात येरवड्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने दाखवलं. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली, आणि येरवडा मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सुरू केलं. तिथल्या मुक्कामात औषधं आहेत, समुपदेशन आहे, योगासनं आणि संगीतही आहे. मला मोलाची वाटते ती मात्र आणखी एक गोष्ट. स्वयंपाक, झाडलोट ही कामं दाखल झालेली माणसंच वाटून घेतात. ज्याच्यावर घरी कुणी दुधाची पिशवी आणायचंही काम सोपवत नव्हतं, त्याच्यावर पन्नास माणसांच्या पोळ्यांची जबाबदारी येते. आणि त्याला सांभाळून घेणाऱ्या कार्यकर्त्यांत पूर्वी स्वतः व्यसनात बुडालेले असतात. त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत.

योग, ध्यान, संगीत यांची जागा उपचारांत आहे. पण पहिल्या आठवड्यातल्या औषधांऐवजी त्यांच्यावर विसंबून चालत नाही. नुसत्या काढ्यावर किंवा नुसत्या मारावर दारू सोडवू म्हणणाऱ्या केंद्रांपासून दूर राहा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या आजारांचाही समावेश आहे आणि रुग्णाला साखळीने बांधणं त्याच कायद्याने निषिद्ध आहे.

आता घर. नवरा पीत होता तेवढ्या वर्षांत बायकोने बँक, शाळा, सासू-सासरे, देणेकरी सगळं एकटीने ओढलेलं असतं. तो बरा होऊन येतो आणि त्याला लगेच घरातली जुनी जागा हवी असते. ती दार उघडताना अजून त्याच्या तोंडाचा वास घेते, रात्री खिसे तपासते. तो चिडतो. दोघांचंही खरं असतं. म्हणून मुक्तांगणने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट सुरू केला. आजारी माणसाला बरं करण्याची युक्ती तिथे शिकवत नाहीत. स्वतःची झोप, स्वतःचा राग, स्वतःचा संसार कसा सावरायचा हे तिथे बोललं जातं. हा गट ज्यांना मिळाला त्या घरांना पुढची वर्षं सोसायला बळ मिळतं, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि उरली संध्याकाळ. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एका शेअर दलालाने आणि एका सर्जनने, दोघेही दारुडे, एकमेकांना सावरत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं. आज महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत त्याच्या मराठी मीटिंगा फुकट चालतात. तिथे नाव पुरे असतं, आडनाव कुणी विचारत नाही. आयुष्यभर सोडण्याचं ओझं घ्यायचं नाही, आजच्या दिवसापुरतं नाही म्हणायचं. ज्या वेळी माणूस गुत्त्यात बसायचा त्याच वेळी त्याला बसायला दुसरी जागा मिळते.

तरीही घसरण होते. झाली तर दोन दिवस लपवून न ठेवता त्याच दिवशी केंद्राला कळवायचं. गर्दच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते.

घरात कुणी रोज पीत असेल, तर आधी शपथ घ्यायला लावू नका. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे, मानसिक आधारासाठी १४४१६ आहे. पिणाऱ्याने अजून होकार दिला नसेल तरी तुम्ही स्वतःसाठी फोन करू शकता, आणि तो आजच करा.