नियमशास्त्र आणि विश्वासाचे स्वातंत्र्य

ख्रिस्ती माणूस नियमांनी बांधलेला आहे, की विश्वासाने मुक्त झालेला आहे? बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात हा प्रश्न असा उभा राहतो: ऊसतोडीच्या धांदलीत रविवारची मिस्सा चुकली, तर पाप घडते काय?

प्रारंभीच्या ख्रिस्तसभेपुढे प्रश्न होता सुंतेचा. परराष्ट्रीयांतून आलेल्या भाविकांनी मोशेचे नियमशास्त्र पाळावे, असा काहींचा आग्रह होता. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेम येथे भरलेल्या प्रेषितांच्या सभेने ते ओझे त्यांच्यावर लादले नाही. संत पौलाने गलतीकरांना हेच बजावले: तारण ही नियमपालनाची मजुरी नव्हे, ते विश्वासाने स्वीकारायचे दान आहे. मात्र त्याच पत्रात तो स्वैराचाराविषयीही सावध करतो. हे स्वातंत्र्य प्रीतीने परस्परांची सेवा करण्यासाठी आहे.

याचे उदाहरण शेजारच्या दौंड तालुक्यातच आहे. पंडिता रमाबाईंचा स्नानसंस्कार १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत झाला. त्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. तेथील एका धर्मभगिनीला त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. रमाबाई मात्र आपल्या सद्‌सद्‌विवेकबुद्धीला धरून राहिल्या. अन्नावरून एकमेकांचा न्याय करू नये, अशीच संत पौलाची रोमकरांना शिकवण आहे. आपण प्रथम ख्रिस्ती धर्म स्वीकारला, खुद्द ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी गवसला, असे रमाबाईंनी पुढे आत्मनिवेदनात लिहिले. केडगावच्या आपल्या आश्रमाला त्यांनी ‘मुक्ती’ हे नाव दिले आणि दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया व मुलींना तेथे आसरा दिला. विश्वासाचे स्वातंत्र्य असे सेवेत उतरले.

मग ख्रिस्तसभेचे नियम कशासाठी? नीरा डावा कालवा आठवा. ऊस वाढतो तो पाण्यावर, कालव्याच्या भरावावर नव्हे. परंतु भराव फुटला तर पाणी शेतापर्यंत पोहोचत नाही. कृपा हे पाणी आहे, नियम हा भराव आहे.

१९८३ च्या धर्मसंहितेचे कलम १२४७ रविवारच्या मिस्सेचे बंधन घालते. गंभीर कारणामुळे मिस्सेला येणे अशक्य झाले, तर शब्दविधीत किंवा कौटुंबिक प्रार्थनेत सहभागी व्हावे, असे कलम १२४८ सुचवते. अखेरचे कलम १७५२ आत्म्यांचे तारण हाच सर्वोच्च नियम असल्याचे सांगते.

म्हणून पोटासाठी उसाच्या फडात अडकलेल्या भाविकाने भीतीने खचू नये. सायंकाळी कुटुंबासह प्रार्थनेला बसावे. सवड असूनही घरी राहणाऱ्याने मात्र आपल्या आळसाला स्वातंत्र्य म्हणू नये.