यकृताचे दोन वैरी

कावीळ उतरली, डोळ्यांचा पिवळेपणा गेला, भूक लागूं लागली कीं आजार संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. 'ब' व 'क' या जातींच्या विषाणुजन्य यकृतदाहांत ती पुष्कळदां फसवी ठरते; कित्येकांना तर कावीळ होतच नाहीं. हे विषाणु अनेकांच्या यकृतांत वर्षानुवर्षें ठाण मांडून बसतात. माणूस हिंडतो, फिरतो, कामधंदा करतो. आंत मात्र यकृत झिजत असतें. अशा माणसानें मद्य घेतलें म्हणजे काय घडतें, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

पोटांत गेलेल्या मद्याचा निचरा करण्याचें काम मुख्यत्वें यकृताचेंच. या क्रियेंत प्रथम असेटाल्डिहाइड नांवाचा विषारी पदार्थ उत्पन्न होतो व तो यकृताच्या पेशींना इजा करतो. विषाणूंमुळें तेथें दाह चालूच असतो. त्यांत ही दुसरी इजा. दुखावलेल्या जागीं चिवट तंतूंचे वण पडतात, वणांचें जाळें पसरतें आणि मऊ यकृत कठीण व गांठाळ होतें. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. पुढें पोटांत पाणी सांठणें, रक्ताची उलटी होणें, प्रसंगीं यकृताचा कर्करोग, हीं संकटें ओढवतात. केवळ विषाणूला जेथवर पोंचण्यास कित्येक दशकें लागावीं, तेथें मद्याच्या सोबतीनें तो फार लवकर पोंचतो.

ताडी किंवा बिअर सौम्य, ती चालेल, हा युक्तिवाद येथें टिकत नाहीं. पेय कोणतेंही असो, यकृताला बाधतो तो त्यांतील मद्यार्क. आणि अशा रोग्याला निर्धोक असें त्याचें प्रमाण ठरलेलें नाहीं.

तथापि निराशेचें कारण नाहीं. १९८९ सालीं ओळख पटलेल्या 'क' विषाणूवर आज गोळ्या आहेत. बहुधा ८ ते १२ आठवड्यांत शेंकडा ९५ रोगी त्यांनीं विषाणुमुक्त होतात. 'ब' विषाणु समूळ जाणें दुर्मिळ, पण औषधानें तो दबून राहतो. आणि निरोग्यांसाठीं लस आहे. भारतांत २०१८ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तपासणी व औषधें मोफत मिळतात. मद्य सुटलें नाहीं एवढ्यासाठीं कोणीं उपचार लांबवूं नयेत. रोज पिणाऱ्यानें मात्र तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं सोडावें. एकाएकीं सोडल्यास झटके येण्याचें भय असतें.

विषाणु गेला तरी जुने वण लगेच जात नाहींत. त्यांवर पुन्हा मद्याचा मारा झाल्यास मिळालेला लाभ हातचा जातो. यकृताच्या अंगीं स्वतःला सावरण्याची शक्ति मोठी आहे. तिला अवसर देणें एवढेंच रोग्याच्या हातीं असतें, आणि तें थोडें नव्हे.